दहा कोडांचा कागद

“तो कागद कुठं आहे?” हर्षदानं विचारलं, आणि मी देव्हाऱ्याकडे बघितलं.

देव्हाऱ्यावर अण्णांचं पांढरं धोतर टाकून ठेवलेलं होतं. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन सहावा दिवस होता. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि पाच वाजता हर्षदाची परभणीची जागा जाणार होती.

हर्षदा माझी धाकटी बहीण, तेव्हा अठरा वर्षांची. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून, मांडीवर माझा लॅपटॉप घेऊन ती बसली होती. गुरांचा डॉक्टर व्हायचं हे तिनं बाराव्या वर्षीच ठरवलं होतं. शेजारच्या मालनकाकूंची शेळी अडली, डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेला, तेव्हा या पोरीनं कोपरापर्यंत तेल चोपडून करडू बाहेर काढलं होतं. शिंप्याच्या घरात हे खूळ कुठून आलं, असं अण्णा चारचौघांत म्हणायचे, पण म्हणताना त्यांची छाती दोन इंच फुगायची. पशुवैद्यकीयच्या यादीत तिचं नाव लागलं ते अण्णांच्या चौथ्या दिवशी. मी तिला मागच्या दारी नेऊन सांगितलं. ती हसली, आणि हसू आलं म्हणून रडत बसली.

जागा पाहिजे असेल तर सहाव्या दिवशी पाचच्या आत साइटवर जाऊन ती स्वीकारायची होती. त्यासाठी साइट तिच्या ईमेलवर एक नंबर पाठवणार, तो घातला की काम झालं. अडचण एवढीच होती की ईमेल उघडत नव्हती. आणि ती कुणालाही उघडता येऊ नये याचा बंदोबस्त मीच करून ठेवला होता, मोठ्या ऐटीत.

विट्याच्या बाजारपेठेत अण्णांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यातल्याच निम्म्या जागेत पडदा टाकून मी तीन कॉम्प्युटर मांडले होते. गावातल्या पोरापोरींचे फॉर्म मी भरायचो. त्यांचे पासवर्ड म्हणजे स्वतःचा मोबाईल नंबर, नाहीतर नाव आणि पुढे एक-दोन-तीन. आदल्या वर्षी एका मुलीच्या अर्जात कुणीतरी शिरून कॉलेजांचा क्रमच उलटा करून टाकला आणि तिची पहिली पसंती शेवटी गेली. कुणी केलं ते कळलं नाही. ती मुलगी माझ्या दुकानात येऊन रडली होती. तेव्हापासून मी सुरक्षिततेवर बोलायला लागलो तो थांबेचना. गावात आपल्याइतकं शहाणं कुणी नाही असं मला वाटायचं, आणि पंचविसाव्या वर्षी तसं वाटायला फारसं काही लागत नाही.

हर्षदाच्या ईमेलला मी दोन कुलपं लावली. पासवर्ड ही एक किल्ली, ती तिच्या डोक्यात. दुसरी किल्ली म्हणजे दर वेळी फोनवर येणारा कोड. तिच्याकडे फोन नव्हता म्हणून नंबर अण्णांचा दिला. अण्णांना हे काम फार आवडलं. कोड आला की पडद्यापलीकडून, मशीनचं चाक हातानं थांबवून, ते मापं सांगावीत तसे आकडे जोडीजोडीनं सांगायचे. “बेचाळीस. सव्वीस. एकोणीस.” गिऱ्हाईक गोंधळून स्वतःच्या पोटाकडे बघायचं.

“आणि फोन हरवला तर?” असं हर्षदानंच तेव्हा विचारलं होतं. त्याचीही सोय आहे म्हणून मी दहा कोडांचा एक कागद छापून काढला. आठ-आठ आकड्यांचे दहा कोड, प्रत्येक एकदाच वापरायचा. याचा फोटो काढायचा नाही, कॉम्प्युटरवर ठेवायचा नाही, जपून घरात ठेवायचा, असं मी बजावलं. आमच्याकडे जपून ठेवायची जागा एकच. हॉलतिकीट असो, पत्रिका असो की घराचा उतारा, महत्त्वाचा कागद आधी देवापुढे जाणार आणि मग तिथंच राहणार. अण्णांनी कागदाची कापडासारखी नीट चौघडी केली, त्याला हळदकुंकू लावलं आणि देवांच्या टाकाखाली सरकवला. इथं कोण हात लावतंय, असं म्हणाले. पलीकडे मालनकाकूंचा मिक्सर चालू होता म्हणून त्यांनी ते दोनदा म्हटलं.

मालनकाकूंचं आणि आमचं स्वयंपाकघर एका भिंतीचं. शेंगदाण्याची चटणी करून त्या दुकानांना द्यायच्या. दिवसभर तो मिक्सर घरघरायचा, इतका की आम्हाला तो ऐकूच यायचा नाही.

अण्णा गेले ते स्कूटरवरून येताना, कालव्याच्या पुलाजवळ. छातीत कळ आली असावी. स्कूटर बाजूला नीट लावलेली होती आणि ते कठड्याला टेकून बसलेले होते. फोन कालव्यात पडला की कुणाच्या खिशात गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. सहाव्या दिवशी सकाळीच मी सिमकार्डाच्या दुकानात जाऊन आलो होतो. नंबर ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या, असं तिथला माणूस म्हणाला. ते आता येऊ शकत नाहीत, असं मी सांगितलं. मग मृत्यूचा दाखला लागेल म्हणाला, आणि दाखला मिळायला अजून आठवडा होता. दुकानातल्या कॉम्प्युटरांवर तिची ईमेल उघडी असण्याचा प्रश्नच नव्हता. रात्री बंद केले की ते दिवसभरातलं सगळं विसरायचे. तसं मीच करून ठेवलं होतं, तेही ऐटीत.

मी तो कागद छापला तेव्हा हर्षदानं एकदा पाहिला होता. पहिल्या कोडातले पाच आकडे तिला आठवत होते. पुढचे तीन अंदाजानं घालून ती प्रयत्न करत राहिली. दहाबारा वेळा चुकल्यावर पडद्यावर आलं, की थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा. तिनं लॅपटॉप फरशीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलं.

मग ती आईकडे गेली. आई बाहेरच्या खोलीत घोंगडीवर बसलेली. समाचाराला आलेल्या दोन बायका नुकत्याच उठून गेल्या होत्या. हर्षदानं तिला सगळं समजावलं. कागद आत आहे, तो काढून त्यावरचे आकडे वाचायचे, परत तिथंच ठेवायचा. आई शांतपणे ऐकत होती. जागा जाणार हे तिला पुरतं कळलं होतं. कळलं नाही असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

“दहा दिवस देवाला शिवायचं नाही, बाई,” आई म्हणाली. “त्यांची वाट अडायला नको. एवढं माझं ऐका.”

आईनं आमच्याकडे कधी फारसं काही मागितलं नव्हतं. हर्षदा परत स्वयंपाकघरात आली आणि मला हळूच म्हणाली, “दादा, तू काढ की. तू कुठं मानतोस हे.”

मी मानत नव्हतोच. त्याच दिवशी सकाळी सिमकार्डाच्या दुकानातून येताना स्टँडवरच्या गाड्यावर मी उभ्यानं ऑम्लेट-पाव खाल्ला होता. सुतकात असलं काही खायचं नसतं हे मला माहीत होतं. गाडेवाल्यालाही माहीत होतं, त्यानं माझ्या ताज्या मुंडणाकडे बघून न बघितल्यासारखं केलं. रुमालानं तोंड पुसून मी घरी आलो होतो. आणि आता हर्षदाला म्हणालो, “आईला काय वाटेल? हे दिवस तसले नाहीत.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी देव्हाऱ्यावरच्या धोतराची सुरकुती बघत राहिलो.

वाट काढली ती आईनंच. थोड्या वेळानं ती दारापाशी आली. मालनला बोलवा, म्हणाली. ती काही आपल्या भावकीतली नाही, तिला सुतक नाही. रोज संध्याकाळी हातपाय धुऊन तीच तर देवापुढं दिवा लावून जाते. ती काढून देईल कागद, आपण लांबूनच वाचायचा. हर्षदाचा चेहरा असा उजळला की मला तो अजून दिसतो. इतकं सोपं आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून ती स्वतःवरच हसली.

“पळ दादा,” ती म्हणाली. “मी तोवर साइट उघडून ठेवते.”

तेव्हा साडेतीन झाले होते. आई परत बाहेर घोंगडीवर जाऊन बसली, कारण आणखी कुणीतरी समाचाराला आलं होतं. मी मागच्या दारानं निघालो. काकूंचं दार आमच्या मागच्या दारापासून वीस पावलांवर. चार-पाच मिनिटांत मी परत आलो आणि सांगितलं, की काकूंच्या दाराला कुलूप आहे, कुठंतरी गेल्यात वाटतं.

पुन्हा बघून येऊ का, असं मीच विचारलं. हर्षदानं मान हलवली, ती हो की नाही ते कळलं नाही. मी काही उठलो नाही. मी म्हणालो, येतील एवढ्यात, वाट बघू. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. मी समोर बसलो. साइट उघडी होती, नंबर घालायचा रकाना रिकामा होता, आणि वरच्या कोपऱ्यात वेळ उलटी मोजली जात होती. एकदा तिनं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकवलं. मला वाटलं झोपली. पाच वाजता रकाना नाहीसा झाला आणि तिथं मुदत संपल्याची ओळ आली. तिनं लॅपटॉप मिटला, माझ्याकडे दिला आणि चहा टाकू का विचारलं.

आता इथं सांगूनच टाकतो. काकूंच्या दाराला कुलूप नव्हतं.

दार अर्धं उघडं होतं. आत काकू पाठमोऱ्या बसल्या होत्या, मिक्सर चालू होता, पदराला दाण्यांची टरफलं लागली होती. मी एक हाक मारली असती तर त्या तशाच उठल्या असत्या, हातपाय धुतले असते आणि दहा मिनिटांत कागद फरशीवर ठेवला असता. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि तोंड उघडलं नाही.

आदल्या दिवशी मला पुण्याहून फोन आला होता. एका कंपनीत मुलाखत दिली होती, तिथं घेतलं होतं. एक तारखेला हजर व्हायचं होतं. हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. अण्णा असते तर दोघंही गेलो असतो, हर्षदा परभणीला आणि मी पुण्याला. अण्णा नव्हते. मामा दोनदा म्हणून गेले होते, की आता तुमच्यापैकी एकानं तरी आईजवळ राहायला पाहिजे. हर्षदा गेली असती तर राहणारा मी होतो. पडदा टाकलेलं दुकान, लोकांचे फॉर्म, संध्याकाळी आईसमोर ताट, आणि आयुष्यभर तेच. मी काकूंच्या दारात उभा राहून एवढाच विचार केला. फार वेळ लागला नाही. ठरवलं असंही म्हणवत नाही, मी फक्त हाक मारली नाही आणि मागे फिरलो.

संध्याकाळी साडेसहाला काकू नेहमीप्रमाणे आल्या. पिठलं-भाकरी घेऊन आल्या, दिवा लावला. आत्ता हर्षदा विचारणार, काकू दुपारी कुठं गेला होता, आणि आत्ता सगळं उघडं पडणार. तिनं काहीच विचारलं नाही. काकूंच्या हातातलं भांडं घेतलं, त्यांना बसायला पाट दिला. मला सुटल्यासारखं वाटलं. मी त्या रात्री पिठलं-भाकरी पोटभर खाल्ली, हेही लिहून ठेवतो.

अकराव्या दिवशी घर सारवलं-धुतलं, देव उघडले. आईनं पहिल्यांदा तो कागद काढून हर्षदाच्या हातात दिला. तिनं उलगडून बघितला. पहिल्या कोडातले पाच आकडे तिला बरोबर आठवले होते. तिनं घडी घातली आणि आईला परत दिला. राहू दे तिथंच, म्हणाली. अण्णांनी ठेवलाय.

एक तारखेला मी पुण्याला गेलो. हर्षदानंच बॅग भरून दिली. पुढच्या वर्षी परत परीक्षा दे, सगळं मी बघतो, असं मी स्टँडवर तिला म्हणालो, आणि म्हणताना मला ते खरंच वाटत होतं. तिनं गावातल्या कॉलेजात नाव घातलं आणि अण्णांच्या मशीनवर बसली. परीक्षेचा विषय मी फोनवर दोनदा काढला. पहिल्यांदा बघू म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली, लग्नसराई आहे, ब्लाउजांचा ढीग पडलाय. मग मीही विचारणं सोडलं. पुढे तिचं लग्न विट्यातच झालं. अजूनही दुकान तीच बघते. गल्लीत कुणाची शेळी अडली की हिला बोलावणं येतं.

माझं पुण्यातलं काम काय, तर ज्यांचं खातं बंद पडलंय त्यांना ते उघडून द्यायचं. दिवसभर कानाला फोन लावून मी अनोळखी माणसांना विचारतो, बॅकअप कोड काढले होते का, कुठं ठेवलेत, घरात कुणाला विचारा. बारा वर्षं हेच विचारतो आहे. लोक घाबरलेले असतात. मी फार धीरानं बोलतो असं साहेब म्हणतात.

मागच्या वर्षी आई गेली. मी आलो, सगळं केलं, पुन्हा मुंडण झालं, पुन्हा देव्हाऱ्यावर धोतर पडलं. या वेळी मी स्टँडवर काही खाल्लं नाही. मला दहा दिवसांचं सुतक. हर्षदा सासरची झालेली, लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवस. चौथ्या दिवशी दुपारी ती न्हाऊन आली आणि तिनं देव उघडले. मी भिंतीला टेकून बसून बघत होतो. तिनं टाक ताम्हनात काढून ठेवले, खालचं कापड उचललं आणि तो कागद बाहेर काढला.

कागद लालपिवळा झाला होता. अण्णांनी ठेवलेला म्हणून आई रोज पूजेत त्याला हळदकुंकू वाहत आली होती. अकरा वर्षं. त्याची घडी तिनं कधी उलगडून बघितली नव्हती. हर्षदानं हलक्या हातानं घडी उलगडली, वरचं कुंकू झटकलं आणि कागद माझ्यापुढं फरशीवर ठेवला. मला शिवायचं नव्हतं म्हणून हातात दिला नाही. दहाही कोड वाचता येत होते.

भिंतीपलीकडे मिक्सर सुरू झाला. काकू आता थकल्यात, सून चटणी करते.

“त्या दिवशी पण असाच ऐकू येत होता,” हर्षदा म्हणाली.

मी वर बघितलं नाही.

“तू मागच्या दारानं गेलास तेव्हा चालू होता. परत येऊन कुलूप आहे म्हणालास, तेव्हा पण चालूच होता.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी पुण्याच्या फोनबद्दल सांगायला लागलो. तिनं मला थांबवलं, ते तिला नंतर कळलं होतं. मग मी एवढंच विचारलं, की माहीत होतं तर तू स्वतः का नाही गेलीस? वीस पावलं तर होती.

“जाणारच होते,” ती म्हणाली. “पण म्हटलं, दादा परत जाईल. पाच वाजेपर्यंत तुझीच वाट बघितली.”

मिक्सर थांबला, पुन्हा सुरू झाला. चुकलं माझं, असं मी म्हणालो. ते त्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही आणि दुसऱ्यांदा म्हणायचं मला धाडस झालं नाही. तिनं कागद उचलला, जुन्या घड्यांवरच पुन्हा चौघडी केली आणि देवांच्या खाली ठेवून दिला. त्याला हात लावायला मला अजून सहा दिवस होते.